न मेलेल्या उंदराचा वास

वास मला पहिल्यांदा आला तो चपलांच्या कपाटापाशी, संध्याकाळी कामावरून आल्यावर, एक बूट काढलेला आणि एक पायात असताना. मी तशीच उभी राहिले. गोडसर, ओलसर, तळाशी गंधकाची बारीक छटा असलेला वास. मांस कुजायला लागलं की येतो तसा.

"घरात उंदीर मेलाय," मी म्हणाले.

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर आईने खिडकी उघडली असती आणि विषय मिटला असता. पण आमच्या घरात वासाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि साबणाच्या कारखान्यात वास घेण्याची नोकरी करते. लोकांना ही थट्टा वाटते, म्हणून नीट सांगते. साबणाचा प्रत्येक नवा घाणा तयार झाला की त्याचा वास ठरल्याप्रमाणे आहे की नाही, हे यंत्राआधी माणसाने तपासायचं असतं. त्यासाठी आमच्यापुढे कागदाच्या तीन पट्ट्या ठेवतात. दोन सारख्या वासाच्या, एक वेगळी. वेगळी कोणती ते ओळखायचं. दिवसभर हेच. तेव्हा मी अजून उमेदवारीवर होते, आणि पक्की व्हायची की नाही हे पुढच्या मोठ्या चाचणीवर ठरायचं होतं. चाचणी घेणार होत्या आमच्या मॅडम. मॅडमचं स्वतःचं नाक असं आहे, की लिफ्ट रिकामी आली तरी तिच्यातून आधी कोण गेलं ते त्या सांगतात.

तर, उंदीर मेलाय असं मी जाहीर केलं आणि घराने ते ताबडतोब मान्य केलं. आई म्हणाली, तिला सकाळपासूनच शंका होती. बाबा म्हणाले, ते कालच बोलणार होते, पण उगाच कशाला म्हणून गप्प बसले. तेवढ्यात दादा दवाखान्यातून आला. दादा दातांचा डॉक्टर. त्याने पलीकडच्या गल्लीत नवीनच दवाखाना टाकला होता, आणि नव्या डॉक्टरला पेशंट मिळेपर्यंत घरचीच तोंडं उपयोगी पडतात, त्यामुळे बाबांची कवळी, आईच्या हिरड्या आणि माझी डावीकडची वरची दाढ हे सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं होतं. त्याच्या बोटांना कायम लवंगेच्या तेलाचा वास असतो. त्याने दारातच नाक वर करून हुंगलं आणि म्हणाला, "आहे खरा. बाथरूमकडून येतोय."

आईला तो स्वयंपाकघरातून येत होता. बाबांना पुस्तकांच्या कपाटातून. विज्ञान शिकलेल्या माणसाने इथेच थांबून विचार करायला हवा होता. तीन माणसं तीन दिशा दाखवत असतील तर त्याचा अर्थ काहीतरी वेगळा असतो. मी अर्थ लावला तो असा, की उंदीर मोठा असणार.

मग शोध सुरू झाला. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातले डबे बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पुस्तकं. त्यात बाबांना एक जुनी कादंबरी सापडली. ती मित्राने ढापली असं समजून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, त्यामुळे बाबांची ती संध्याकाळ माफीचा फोन करण्यात गेली. उंदीर सापडला नाही. वास मात्र होता. मी कपाटात डोकं घातलं तरी होता, बाहेर काढलं तरी होता.

खालच्या मजल्यावरच्या काकू आवाज ऐकून वर आल्या. त्यांनी हॉलच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले आणि सांगितलं, की हा वास त्यांच्याकडे तर कधीपासून येतोय, पण आम्हाला वाईट वाटेल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. मग त्यांनी उपाय सांगितला. वाटीत पाणी घ्यायचं, त्यात बटाट्याच्या फोडी टाकायच्या आणि ती वाटी कोपऱ्यात ठेवायची. बटाटा वास ओढून घेतो. मी त्यांना समजावलं, की हवेतले सगळे वास ओळखून ओढून घ्यायची बटाट्यात काही सोय नसते. काकू शांतपणे म्हणाल्या, "तुझं शिक्षण बटाट्यावर झालंय का?" ते झालेलं नव्हतं. आईने मात्र माझी बाजू घेऊन बटाटे टोपलीतच राहू दिले.

काकूंना वास आला म्हणजे तो आता इमारतीचा वास झाला. इमारतीचे सेक्रेटरी आले, त्यांनाही आला. त्यांनी प्लंबर पाठवला. प्लंबरने भिंतीला कान लावला (वासासाठी कान का लावला, हे मी विचारलं नाही, कारण प्लंबरला प्रश्न विचारला की त्याचा चेहरा पडतो) आणि निदान केलं, की उंदीर वगैरे काही नाही, सांडपाण्याचा पाइप फुटलाय. बाथरूमच्या फरशा काढाव्या लागतील. फरशा काढल्या. खाली पाइप होता आणि तो अगदी धडधाकट होता. प्लंबर म्हणाला, म्हणजे फुटला तो याच्या खालचा असणार. तो मात्र सगळ्या इमारतीचा, त्याला हात लावायचा तर सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरी म्हणाले, मी देतो, पण आधी आरोग्य खात्याच्या निरीक्षकाने पाहणी करून तसं लिहून द्यायला हवं. निरीक्षक आठवडाभर आले नाहीत. तेवढे दिवस आम्ही काकूंच्या बाथरूममध्ये आंघोळीला जात होतो. बाबांनी त्याआधी आयुष्यात टाय बांधल्याशिवाय जिना उतरलेला नव्हता. ते रोज सकाळी खांद्यावर टॉवेल, एका हातात साबणाची डबी आणि सही करायला निघाल्यासारखा भाव चेहऱ्यावर घेऊन खाली जायचे. वाटेत सेक्रेटरी भेटले तर दोघंही हवामानाबद्दल बोलायचे.

निरीक्षक आले तेव्हा त्यांना जबर सर्दी होती. घसा बसलेला, गळ्याभोवती मफलर, नाकावर रुमाल. हॉलमध्ये उभं राहून त्यांनी रुमाल जरासा बाजूला केला, परत लावला आणि कागदावर लिहिलं, 'तीव्र दुर्गंधी आढळली.' सर्दी झालेली असूनही त्यांना वास आला, यावरून तो केवढा असेल बघा, असं बाबा पुढे बरेच दिवस लोकांना सांगत होते.

इकडे कारखान्यात माझं काही खरं नव्हतं. वास माझ्याबरोबर तिथेही येत होता. कपड्यांना चिकटून येत असेल म्हणून मी कपडे दोनदा धुतले, बॅग बदलली, केस कापले. तरी गुलाबाच्या साबणात उंदीर, लिंबाच्या साबणात उंदीर. एका दुपारी मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझे निकाल होते. मॅडम कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्या बोलतात ते जास्तच लक्षात राहतं.

"तीनपैकी वेगळी पट्टी कोणती, एवढंच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तू तिन्हींपुढे 'कुजलेलं' असं लिहिलंयस."

मी घरी उंदीर मेल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"उंदीर माझ्या प्रयोगशाळेत नाहीये," त्या म्हणाल्या. "चाचणी पुढच्या महिन्यात आहे. नाकाचं काही असेल तर बघून घे. नाहीतर पॅकिंगमध्ये जागा आहे. वाईट नाही ते काम. पण वेगळं आहे."

पॅकिंग आमच्या प्रयोगशाळेच्या खालच्या मजल्यावर आहे. तिथली माणसं आनंदी असतात, गाणी ऐकतात, आणि आमच्यापेक्षा लवकर घरी जातात. तरीही त्या दिवशी जिना उतरताना मी त्या दाराकडे पाहिलं नाही. लहानपणापासून मला दुसरं काही धड येत नव्हतं. धावता येत नव्हतं, गाता येत नव्हतं, चित्रात माणूस काढला तर लोक झाड म्हणायचे. पण डोळे बांधले तरी आईचा आणि मावशीचा स्वेटर मी वासावरून ओळखायचे. त्याच एका गोष्टीवर कुणीतरी मला पगार द्यायला तयार झालं होतं.

त्यानंतर तो वास मला बँकेत आला, झेरॉक्सच्या दुकानात आला, नव्या कोऱ्या सिनेमागृहात आला. मध्ये दोन दिवस तर मी शहराच्या एकूण सांडपाणी व्यवस्थेबद्दलच गंभीर काळजी करत होते.

शेवटी बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी संत्रं सोललं. संत्र्याच्या सालीतलं तेल हवेत उडालं की त्यापुढे दुसरा वास टिकत नाही. तरी उंदीर होताच, संत्र्याच्या मागे उभा. तेव्हा का कुणास ठाऊक, मी उजवी नाकपुडी दाबली. संत्रं गेलं, नुसता उंदीर. मग डावी दाबली. उंदीर गेला, नुसतं संत्रं. मी पुन्हा उजवी दाबली. पुन्हा डावी. शास्त्रीय निष्कर्षासाठी प्रयोग अनेकदा करावा लागतो. त्या गृहस्थांनी फोडी रुमालात गुंडाळल्या आणि ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

आमचं घर, कारखाना, बँक, बस, सिनेमागृह, या सगळ्या नमुन्यांमध्ये एकच घटक समान होता, आणि मी तो सोडून बाकी सगळं तपासलं होतं.

घरी पोचले तेव्हा हॉलमध्ये आई, बाबा, काकू, सेक्रेटरी आणि प्लंबर असे सगळे जमले होते. परवानगी आली होती. प्लंबर हत्यारं काढत होता.

"थांबा," मी म्हणाले. "वास घरात नाहीये. माझ्या नाकात आहे. डाव्या बाजूला."

मला वाटलं होतं, सगळ्यांना हायसं वाटेल. कुणालाच वाटलं नाही. बाबांनी सावकाश हवा हुंगली आणि म्हणाले, "पण मला तर येतोय." काकूंनी दुजोरा दिला. सेक्रेटरींनी निरीक्षकांच्या सहीचा कागद दाखवला. सरकारने मान्य केलेला वास माझ्या एकटीच्या नाकात कसा असेल, असा त्यांचा मुद्दा होता. प्लंबरने फक्त हत्यारं परत पिशवीत भरली. जाता जाता दारातून म्हणाला, "ताई, हे आधी बघायचं ना." आमच्या बाथरूममधल्या नव्या फरशा जुन्यांशी आजही जुळत नाहीत.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर दादा आला. डॉक्टर माणूस बरोबर असला की दुसरा डॉक्टर नीट बोलतो, असं त्याचं म्हणणं. माझी पर्स आणि फाइल मांडीवर घेऊन तो खुर्चीत बसला होता. डॉक्टरांनी एक बारीक दुर्बीण डाव्या नाकपुडीतून आत घातली, 'हं' म्हणाले, आणि स्कॅन करून आणायला सांगितलं. स्कॅन घेऊन आम्ही परत गेलो तेव्हा त्यांनी तो उजेडावर धरला. माणसाच्या गालाच्या हाडात, डोळ्याखाली, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते आणि ती नाकात उघडते. माझी उजवी पोकळी काळी दिसत होती, म्हणजे हवेने भरलेली. डावी राखाडी, म्हणजे काहीतरी भलतंच भरलेलं. आणि त्या राखाडीच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढा एक पांढराशुभ्र ठिपका चमकत होता.

"हे तुमचं नाही," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून आलंय. वरच्या दाढांची मुळं आणि ही पोकळी यांच्यामध्ये कागदाएवढं पातळ हाड असतं. दाढेच्या मुळात भरलेलं सिमेंट कधीकधी टोकातून वर निसटतं. ते तिथे जाऊन बसतं, आणि त्याच्याभोवती बुरशी वाढते. वास त्या बुरशीच्या गोळ्याचा. या बाजूची दाढ कुणी भरली होती?"

मी दादाकडे पाहिलं नाही. मी समोरच्या कानाच्या तक्त्याकडे बघत राहिले.

"मी," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही यांचे?"

"भाऊ."

डॉक्टरांनी स्कॅन हलकेच खाली ठेवला. "होतं असं," ते म्हणाले. "माझ्याकडे असे पेशंट येतात. फक्त त्यांच्याबरोबर दाढ भरणारा येत नाही."

उपाय एकच होता, शस्त्रक्रिया. बाहेरून कुठे कापायचं नाही, नाकातूनच दुर्बीण घालायची, पोकळीचं तोंड मोठं करायचं आणि आतलं सगळं साफ करून काढायचं. मी विचारलं, वास घेण्याच्या शक्तीला काही होईल का. ते म्हणाले, सूज उतरेपर्यंत काहीच कळणार नाही, मग हळूहळू परत येईल, बहुतेक सगळ्यांना येतो. मी विचारलं, बहुतेक म्हणजे किती. "तुम्ही विज्ञानाच्या आहात का?" त्यांनी विचारलं आणि आकडा सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी दादाच्या दवाखान्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली. दवाखाना नवीनच होता, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. दादा दिवसभर कॉलेजची जाड पुस्तकं उघडून दाढांच्या मुळांची चित्रं बघत बसायचा. आईची फार पंचाईत झाली. माझी विचारपूस करावी तर दादाला टोचतं, दादाला धीर द्यावा तर मला वाईट वाटेल. शेवटी ती दोघांनाही फक्त 'जेवलास का', 'जेवलीस का' एवढंच विचारायला लागली. बाबांनी दादाला त्यांच्या परीने समजावलं. म्हणाले, "तू दाबून भरलंस म्हणूनच वर गेलं ना? हयगय केली असतीस तर गेलं असतं का?" दादा उठून बाल्कनीत गेला.

विम्याच्या कंपनीतून फोन आला तो नेमका दादानेच घेतला. पलीकडच्या मुलीला एकच शंका होती. शरीरात बाह्य वस्तू असं लिहिलंय, तर ती वस्तू कुणाची? दादा म्हणाला, माझी. मग ती तुम्हाला परत हवी आहे का, असं तिने विचारलं. हे मी पदरचं सांगत नाही, फोनचा आवाज मोठा असल्यामुळे मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

शस्त्रक्रियेला सगळं घर आलं. घराची किल्ली काकूंकडे ठेवली होती. मला भूल दिली, आणि त्यानंतरचं मला काही माहीत नाही, याचं अजून वाईट वाटतं. इतकी रंजक गोष्ट माझ्याच डोक्यात चालली होती आणि मी एकटीच झोपले होते. जाग आली तेव्हा नाकात कापूस होता. डॉक्टरांनी एक बाटली दाखवली. तिच्यात तपकिरी, मातीसारखी ढेकळं आणि त्यांच्यात ती पांढरी कणी. मी झाकण उघडून वास घ्यायची परवानगी मागितली. नर्सने बाटली पाठीमागे धरली आणि म्हणाली, "आत्ता येणार आहे का तुम्हाला वास?" ते खरं होतं.

काही दिवसांनी कापूस निघाला. नाक रोज मिठाच्या पाण्याने धुवायचं होतं. ते मी प्रयोगशाळेतल्या काटेकोरपणाने धुतलं. उंदीर गेला होता. पण त्याच्याबरोबर सगळंच गेलं होतं. सकाळी कॉफी समोर यायची, तिच्यातून वाफ यायची, आणि बाकी काही यायचं नाही. पाऊस येऊन गेला तरी मला खिडकीतून बघून कळायचं. मॅडमनी चाचणी महिनाभर पुढे ढकलली, आणि फोन ठेवताना म्हणाल्या, "घाई करू नकोस." त्या कधी असं म्हणत नाहीत, त्यामुळे मला रात्रभर झोप लागली नाही.

घरात 'वास' हा शब्दच बंद झाला. आई काहीतरी निमित्त काढून माझ्या नाकाजवळ गोष्टी आणायची. संत्रं सोलत माझ्याजवळ बसायची, नव्या पुस्तकाची पानं फडफडवायची, आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता बघायची. कॉफी कशी झालीय, असं विचारलं तर मी म्हणायचे, गरम झालीय. मग ती कप उचलून आत जायची आणि बराच वेळ नळ चालू ठेवायची.

आणि एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली होती. बाबा एकाएकी सकाळ-संध्याकाळ फिरायला जायला लागले. आई थंडी असून सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायची. दादा पुस्तकं घेऊन बाल्कनीतच बसायचा. मला वाटलं, माझ्याकडे बघवत नाही म्हणून हे सगळे असं करतायत. कुणावर रागवावं असं नव्हतं, पण वाईट वाटायचंच.

चाचणी जवळ आली होती. त्या संध्याकाळी मी मुद्दाम लांबचा फेरा मारून घरी आले आणि चपलांच्या कपाटापाशी वाकले. एक बूट काढला, आणि थांबले.

वास येत होता.

गोडसर, ओलसर, तळाशी काहीतरी सडलेलं. म्हणजे सगळं परत आलं. पुन्हा कणी, पुन्हा बुरशी, पुन्हा डॉक्टर, आणि मग पॅकिंग. एक बूट पायात, एक हातात, अशी मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग शिक्षण कामी आलं. मी उजवी नाकपुडी दाबली. वास. डावी दाबली. वास. दोन्हींकडून, अगदी सारखा.

"दादा," मी हाक मारली.

तो बाल्कनीतून आला. माझ्या हातातला बूट बघून दारातच थबकला.

"मला वास येतोय," मी म्हणाले. "काहीतरी कुजल्याचा."

दादा तिथेच जमिनीवर बसला. त्याचा चेहरा मला बघवेना. मग त्याने विचारलं, "डाव्या बाजूने?"

"दोन्ही."

"दोन्ही? नीट बघ."

त्याचा विश्वास बसेना. तो उठला, आणि त्याने स्वतःच्या बोटांनी माझी एक नाकपुडी दाबली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. लहान मुलांचे दात तपासताना धरतो तसं माझं डोकं दुसऱ्या हाताने धरलं होतं. मी डोळे मिटले. त्या कुजलेल्या वासाच्या अलीकडे, अगदी जवळ, आणखी एक वास होता. साबण. आमच्याच कारखान्याचा, लिंबाचा.

"तुझ्या हाताला लवंगेचा वास येत नाहीये," मी म्हणाले.

दादाने हात मागे घेतला आणि स्वतःकडे पाहिलं. मग तो एकदम हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. आई-बाबा धावत आले. दादाने त्यांना सांगितलं, तिला वास येतोय, खरा येतोय, दोन्हींकडून येतोय. आईने विचारलं, कसला. मी म्हणाले, सडका.

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मला आठवडाभर येतोय गं," आई हळूच म्हणाली. "पण तुझ्यासमोर कसं बोलणार?"

"मला तर तिच्याआधीपासून," बाबा म्हणाले. "मागच्या वेळी आला तो नव्हताच, म्हणून या वेळी मी म्हटलं, हाही नसेल."

दादालाही येत होता. तो समजत होता, अपराधी वाटल्यामुळे आपल्याला भास होतोय. जेव्हा वास नव्हता तेव्हा सगळ्या इमारतीला आला, आणि आता घर खरोखर घाण मारत होतं तर तीन शहाणी माणसं खिडक्या उघड्या टाकून गप्प बसली होती.

मग मी नाक पुढे करून निघाले आणि बाकीचे मागे. दोन पावलं पुढे, एक मागे, खाली. चपलांच्या कपाटाच्या मागे, भिंतीला लागून, डाव्या कोपऱ्यात. दादाने कपाट ओढलं. तिथे एक वाटी होती. वाटीत करड्या रंगाचं पाणी, आणि त्यात जे काही होतं ते एकेकाळी बटाटा होतं. माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही दवाखान्यात असताना काकूंनी घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत वाट्या ठेवल्या होत्या. आईने बाकीच्या काढून टाकल्या, ही एवढी राहून गेली.

काकूंना बोलावलं. त्यांनी नाकाला पदर लावून वाटीत डोकावून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"बघ," त्या मला म्हणाल्या. "सांगितलं होतं ना, बटाटा वास ओढतो म्हणून? केवढा ओढलाय बघ."

माझ्याजवळ उत्तर होतं. पण मी वाटी दोन्ही हातांत धरून आणखी एकदा वास घेतला. इतका घाणेरडा, इतका स्पष्ट, प्रत्येक थर वेगळा ओळखू येणारा वास मी त्याआधी घेतला नव्हता. आई म्हणाली, पुरे आता, टाक ते. मी म्हणाले, थांब जरा.

चाचणीत मॅडमनी पट्ट्यांमागून पट्ट्या ठेवल्या. मी वेगळी उचलत गेले. शेवटच्या तीन पट्ट्यांच्या वेळी मी म्हणाले, तिन्ही सारख्याच आहेत. मॅडमनी तिन्ही पट्ट्या स्वतःच्या नाकाशी धरल्या. मग म्हणाल्या, "तिन्ही सारख्याच आहेत. सोमवारपासून तू पक्की." आणि पट्ट्या गोळा करता करता, "तुझ्या उंदराचं काय झालं?" मी म्हणाले, बटाटा निघाला.

एक काम राहिलं होतं. कणी निघाली तरी दाढेचं मूळ पुन्हा नीट बंद करायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबांनी माझ्या कानात दोन चांगल्या डॉक्टरांची नावं सांगितली होती, आईने तिसरं. त्या संध्याकाळी कारखान्यातून मी सरळ पलीकडच्या गल्लीत दादाच्या दवाखान्यात गेले. दादा आत अंधारातच बसला होता. मी पाटी काढली, दिवा लावला आणि खुर्चीत जाऊन आडवी झाले.

"अगं, दुसरीकडे जा ना," दादा म्हणाला. "मी चिठ्ठी देतो."

"आ करू का?"

मग त्याने हात धुतले. माझा स्कॅन भिंतीवर लावला, आणि प्रत्येक वेळी सुई आत घालण्याआधी वळून त्याच्याकडे बघायला लागला. असं सावकाश काम मी कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही. बाहेरच्या बाकावर कधीतरी काकू येऊन बसल्या होत्या. गालावर हात धरून त्या दारातून म्हणाल्या, "तिचं झालं की माझी बघ रे. घाई नाही. फक्त वर जाऊ देऊ नकोस."

दादाने बारीक बाटलीचं झाकण फिरवलं, आणि माझ्या उघड्या तोंडावर वाकला. मला बोलता येत नव्हतं. दोन्ही नाकपुड्यांतून, अगदी सारखी, लवंग आत आली.